गाठीची नावे

मराठी माणसाच्या तोंडी 'गाठ' हा शब्द दिवसातून किती वेळा येतो याची मोजदाद कोणी केलेली नाही. लग्नाची गाठ बांधली जाते, पदराला गाठ मारून एखादी गोष्ट लक्षात ठेवली जाते, वाटेत जुन्या मित्राची गाठ पडते, आणि भांडण विकोपाला गेले की 'गाठ माझ्याशी आहे' असे बजावले जाते. गाठीला चार पैसे असावेत हे तर वडीलधाऱ्यांचे नेहमीचेच सांगणे. असा हा मनमोकळा शब्द. पण तोच अंगावर उठलेल्या टेंगळाला लावला, की एकाएकी गंभीर होतो. दाढी करताना कोणाचे बोट जबड्याखाली थबकते, लेकराला न्हाऊ घालताना आईचा हात मानेशी अडखळतो, आणि घरात कुजबुज सुरू होते.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे की, नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावताना घरातल्या प्रत्येकाच्या अंगावरून मायेचा हात फिरतो. वर्षात एवढी बारीक तपासणी दुसऱ्या कोणत्या दिवशी होते? शिवाय मी डॉक्टर नव्हे. शास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकपर्यंतचा. पुढचा सगळा संसार शब्दांशी, वर्गात आणि कादंबरीत. तेव्हा मी सांगणार आहे तो गाठींच्या नावांचा इतिहास. ही नावे कोठून आली, कोणी ठेवली, आणि ती न कळल्यामुळे घरे कशी घाबरी होतात, एवढाच माझा विषय.

आपल्या आजीच्या पिढीजवळ अशा गाठींसाठी एक नव्हे, अनेक शब्द होते. पायाला काटा लागून पिकला की जांघेत दुखरा गोळा येई. त्याला ती 'अवधाण' म्हणे, आणि काटा निघाला की अवधाण उतरेल, असे खात्रीने सांगे. काखेत पिकणारे गळू म्हणजे 'काखमांजरी'. मानेभोवती माळेसारख्या उठणाऱ्या, फुटून वाहणाऱ्या, वर्षानुवर्षे न हटणाऱ्या गाठी म्हणजे 'गंडमाळा'. नावे वेगळी, कारणे वेगळी आणि शेवटही वेगळे. आज आपण सगळ्यालाच 'गाठ' म्हणून मोकळे होतो.

आजीच्या या वर्गवारीला जुनी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अकरावा अध्याय केवळ गाठींचा आहे. ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड अशा चार प्रकारांची लक्षणे तेथे वेगवेगळी दिली आहेत. मान, काख, जबडा येथे येणाऱ्या, आवळ्याच्या आठळीएवढ्या, माशाच्या अंड्यांच्या झुबक्यासारख्या लहान लहान गाठी म्हणजे अपची. गोल, घट्ट, एका जागी रुतलेला, सावकाश वाढणारा आणि न पिकणारा गोळा म्हणजे अर्बुद. एका अर्बुदावर दुसरे उठले तर ते अध्यर्बुद, दोन बरोबर उठली तर द्विरर्बुद. सूक्ष्मदर्शक यंत्र नाही, रक्ततपासणी नाही. केवळ बोटे आणि डोळे. तरीही 'पिकणारी गाठ' आणि 'न पिकणारी गाठ' यांत फरक करायचा, आणि न पिकणारीला अधिक भ्यायचे, हे त्या वैद्याला कळले होते. मला या अध्यायाचे कौतुक वाटते ते औषधांसाठी नव्हे, त्यातल्या नावे ठेवण्याच्या शिस्तीसाठी.

आता ज्या रोगाकडे आपल्याला यायचे आहे, त्याचे इंग्रजी नाव 'लिंफोमा'. 'लिंफ' म्हणजे लसीका, आणि शेवटचा 'ओमा' हा सुजेचा, गाठीचा वाचक असा ग्रीक प्रत्यय. हे 'लसीका' तरी काय? आपल्या ओळखीचाच शब्द आहे तो. खरचटल्यावर जखमेतून रक्त थांबले तरी जे पिवळसर पाणी झरत राहते, त्याला आपण 'लस' म्हणतो. देवी टोचण्याच्या काळात गायीच्या फोडातले असेच पाणी एका दंडावरून दुसऱ्या दंडावर टोचीत. बगदाद-बसऱ्याहून असे दंडोदंडी आलेले ते पाणी मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचले गेले. हिंदुस्थानातली ही पहिली लस. इंग्रज त्या पाण्याला 'लिंफ' म्हणत आणि आपण 'लस'. पुढे पाणी गेले, देवी गेल्या, शब्द मात्र टोचण्याला चिकटून राहिला. आज बाळाला 'लस दिली' असे म्हणताना आपण नकळत त्या जुन्या लिंफचेच नाव घेत असतो.

शरीरात या लसीकेचे स्वतंत्र पाट आहेत. रक्ताला हृदयाचा पंप आहे, तसा यांना नाही. आपण चाललो, हात हलवले, श्वास घेतला, की त्या रेट्याने हे पाणी पुढे सरकते. पाटांवर ठिकठिकाणी वालाच्या दाण्यासारख्या चौक्या आहेत. मानेत, काखेत, जांघेत, पोटात आणि छातीत मिळून अशा पाच-सहाशे भरतील. याच लसीका ग्रंथी. चौकीत पांढऱ्या पेशींचे शिपाई बसतात. पायाला काटा रुतला की जांघेच्या चौकीत शिपायांची गर्दी होते. तीच आजीची अवधाण. क्षयाचे जंतू येऊन ठाण मांडतात तेव्हा गंडमाळा. आणि शिपायांपैकीच एखादा बहकून, वरिष्ठांचे न ऐकता आपली प्रजा वाढवीत सुटतो, तेव्हा लिंफोमा. बाहेरचा शत्रू नाही. घरातलाच माणूस फिरलेला. म्हणून हा कर्करोग असला तरी स्तनाच्या वा तोंडाच्या कर्करोगासारखा एका जागी उगवून मग पसरणारा नव्हे. शिपाई मुळातच फिरस्ता आहे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर पुढची बरीच नावे सोपी होतात.

महाराष्ट्रात 'गाठ' या शब्दाला दहशत चिकटली ती मात्र वेगळ्याच रोगाने. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी काही तापकऱ्यांच्या जांघेत गाठी पाहिल्या आणि प्लेगचे निदान केले. वर्तमानपत्रांनी त्याला 'ग्रंथिक सन्निपात' म्हटले. लोकांनी 'गाठीचा ताप'. प्लेगचे जंतू पिसवांच्या चाव्यातून शिरून लसीकेच्या पाटाने जवळच्या चौकीत जातात आणि ती सुजवतात. म्हणजे ही गाठही लसीका ग्रंथीचीच. पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले याच साथीत रुग्णसेवा करताना गेल्या. आमच्या नाशिकजवळच्या भगूरला १८९९ मध्ये सावरकर बंधूंचे वडील प्लेगनेच वारले. आगगाडीच्या स्टेशनांवर उतारूंना रांगेत उभे करून काखा-जांघा चाचपीत; बायकामाणसांना त्या तपासणीची किती लाज आणि किती धास्ती वाटली असेल, याची आज कल्पनाही करवत नाही. 'गाठ आली' हे दोन शब्द त्या काळी निकालासारखे उच्चारले जात. गावे ओस पडून माणसे रानात झोपड्यांतून राहत. प्लेग गेला, औषधे आली. पण त्या शब्दातला दरारा काही आपल्या मनातून उतरला नाही, असे मला वाटते.

आता या दरम्यान विलायतेत काय चालले होते ते पाहू. मुंबईच्या प्लेगच्या ६४ वर्षे आधी, १८३२ मध्ये, लंडनच्या गाय रुग्णालयातील संग्रहालयाचे काम पाहणाऱ्या टॉमस हॉजकिन या डॉक्टराने एक निबंध वाचला. त्यात सात रोग्यांची हकीकत होती. सर्वांच्या लसीका ग्रंथी आणि प्लीहा फुगलेली. आणि ही सूज क्षयाची किंवा अन्य दाहाची नव्हे, ग्रंथींचाच मूळ विकार आहे, असे त्याचे म्हणणे. निबंधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. हॉजकिन हा क्वेकर पंथाचा, गुलामगिरीविरुद्ध आणि जगातल्या आदिवासींच्या बाजूने लढणारा, काहीसा अडेल स्वभावाचा गृहस्थ. पुढे सॅम्युअल विल्क्स नावाच्या दुसऱ्या डॉक्टराने स्वतंत्रपणे हाच रोग वर्णिला. पण आपल्याआधी हॉजकिनने तो पाहिला होता असे कळताच त्याने मोठ्या मनाने १८६५ साली त्याला 'हॉजकिनचा रोग' असे नाव देऊन टाकले. शास्त्रज्ञांच्या जगात असा दिलदारपणा सदैव आढळतो असे नाही. दुसऱ्याच वर्षी, १८६६ मध्ये, हॉजकिन पॅलेस्टाइनमधील जाफा येथे अतिसाराने वारला.

गंमत पुढेच आहे. हॉजकिनने त्या ग्रंथी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, सूक्ष्मदर्शकाखाली नव्हे. परंतु नमुने संग्रहालयात जपून ठेवलेले होते. १९२६ साली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी, त्यांतले तीन बाहेर काढून तपासले तेव्हा दोन खरोखरच त्याच्या नावाच्या रोगाचे निघाले, आणि तिसरा दुसऱ्याच प्रकारचा लिंफोमा ठरला. हॉजकिनच्याच बरणीत 'नॉन-हॉजकिन' बसलेला!

हा 'नॉन-हॉजकिन' शब्द ऐकून अनेकांना वाटते, हा काही तरी सौम्य, 'रोग नसलेला' प्रकार असावा. तसे मुळीच नाही. फळवाल्याने एका टोपलीवर 'आंबे' आणि दुसरीवर 'आंब्याखेरीज' अशी पाटी लावावी, तसे हे नाव आहे. दुसऱ्या टोपलीत आज पन्नासाहून अधिक प्रकार आहेत. काही बोरासारखे, काही फणसासारखे. तेव्हा 'नॉन-हॉजकिन' एवढेच कळून काहीच कळत नाही; पुढचे नाव विचारावे लागते.

आंब्याची ओळख कशी पटते? कार्ल स्टर्नबर्ग याने १८९८ मध्ये व्हिएन्नात आणि डोरोथी रीड या तरुण बाईंनी १९०२ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे, हॉजकिनच्या ग्रंथीत एक विलक्षण मोठी पेशी नेमकी वर्णिली. दोन केंद्रे, जणू घुबडाचे दोन डोळे. आजही प्रयोगशाळेच्या कागदावर 'रीड-स्टर्नबर्ग सेल' असे लिहिलेले असते ते याच दोघांचे स्मरण. पण दोघांत एक मोठा मतभेद होता. स्टर्नबर्गला हा क्षयाचाच एक चमत्कारिक अवतार वाटला. रीडबाईंनी ठाम सांगितले की, नाही, क्षय वेगळा आणि हा वेगळा. दोन्ही एका माणसाला होऊ शकतात, एवढेच.

हा वाद व्हिएन्नात मिटला, आपल्याकडे तो दररोज नव्याने उभा राहतो. आपल्या देशात मानेतली गाठ पुष्कळदा क्षयाची असते, हे खरे. ताप, रात्री घाम, वजन उतरणे ही लक्षणे दोहोंकडे सारखीच. म्हणून गाठीचा तुकडा न तपासता क्षयाची औषधे सुरू होतात, दोन-चार महिने जातात, गाठ हटत नाही, आणि मग मुंबईची वाट धरली जाते. सुश्रुताने ग्रंथी आणि अपची वेगळ्या केल्या, रीडबाईंनी क्षय आणि लिंफोमा वेगळे केले. आणि आपण पुन्हा दोहोंची एकच 'गाठ' मारून बसतो.

यावर उपाय एकच: तपासणीसाठी गाठ काढणे. मराठी विश्वकोशाच्या पंडितांनी तिला 'जीवोतक परीक्षा' असे भारदस्त नाव दिले. लोकांनी 'बायोप्सी' पत्करले. कित्येक घरांत समज असा की, गाठीला हत्यार लागले की रोग उधळतो. लिंफोमाच्या बाबतीत या भीतीला काही आधार नाही. दुसरा प्रश्न येतो तो सुईचा. बारीक सुईने चार पेशी ओढून काढल्या की काम सोपे, मग अख्खी गाठ कशाला कापायची? आमच्या जिल्ह्यातल्या येवल्याच्या पैठणीचे उदाहरण घ्या. पदरातून चार धागे उपसून नेले, तर रेशीम खरे की खोटे ते सांगता येईल. पण पदरावर मोर होता की कमळ, हे कसे सांगणार? लिंफोमात पेशी जशी पाहावी लागते, तशी पेशींची वीणही पाहावी लागते. म्हणून शक्य तेथे डॉक्टर अख्खी ग्रंथी मागतात.

आणि या विणीपायीच एका घराचा घात होता होता राहिला, ते सांगतो. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागाईतदार, माझ्या जुन्या विद्यार्थ्याचे वडील, पिशवीत कागद घेऊन माझ्याकडे आले. थोरल्या बंधूंच्या मानेत गाठ होती, तपासणी झाली होती. "गुरुजी, घरात सगळ्यांचं ठरलंय, आता मुंबईला न्यायचं नाही. उगा त्यांचे हाल नको," असे म्हणून त्यांनी कागद पुढे केला. त्यावर लिहिले होते, 'डिफ्यूज लार्ज बी-सेल लिंफोमा, सीडी-२० पॉझिटिव्ह'. कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने शब्दकोश काढून अर्थ लावला होता: 'डिफ्यूज' म्हणजे सर्वत्र पसरलेला. पसरला म्हणजे संपले. त्या एका शब्दावर माणसाचा निकाल लागला होता. मी म्हटले, "दादा, शब्दकोशाने लग्नं जुळत नाहीत आणि रोगही कळत नाहीत. या शब्दाचा अर्थ ज्याने तो लिहिला त्यालाच विचारू."

डॉक्टरांनी सांगितले ते असे. येथे 'डिफ्यूज' हा शब्द शरीराविषयी नाहीच. तो त्या एका ग्रंथीच्या आतल्या विणीविषयी आहे. काही लिंफोमात बहकलेल्या पेशी झुबक्या-झुबक्यांनी बसतात. त्यांना 'फॉलिक्युलर' म्हणतात. काहींत त्या शेतात मोकळ्या हाताने फेकून पेरल्यासारख्या ग्रंथीभर विखुरतात; त्या 'डिफ्यूज'. हा भेद हेन्री रॅपापोर्ट या शास्त्रज्ञाने १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात रूढ केला, आणि तेव्हापासून तो शब्द कागदावर आहे. 'लार्ज' म्हणजे पेशी आकाराने मोठी, रोग मोठा नव्हे. 'बी' म्हणजे शिपायांच्या दोन मुख्य पलटणींपैकी एक. 'टी' पलटण छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होते म्हणून टी. 'बी'ची कथा कोंबडीच्या पोटी जन्मली आहे: ब्रूस ग्लिक नावाच्या विद्यार्थ्याला कोंबडीच्या शेपटाकडच्या 'बर्सा' नावाच्या पिशवीत या पलटणीचे मूळ सापडले. मोठ्या शास्त्रीय नियतकालिकाने निबंध परत पाठवला, म्हणून १९५६ साली तो कुक्कुटपालनाच्या मासिकात छापून आला! माणसाला ती पिशवी नाही. आपली 'बी' पेशी अस्थिमज्जेत घडते, आणि इंग्रजीत मज्जेच्या हाडाचे आद्याक्षरही योगायोगाने तेच.

राहिला 'पॉझिटिव्ह'. हा शब्द तर घराघरांत गोंधळ घालतो. एकाला वाटते चांगले, दुसऱ्याला वाटते वाईट. सीडी-२० ही पेशीच्या अंगावरची एक खूण, शिपायाच्या बिल्ल्यासारखी. पॉझिटिव्ह म्हणजे तो बिल्ला सापडला. आणि बिल्ला सापडणे या रोगात उपयोगाचे, कारण त्या बिल्ल्यावर नेम धरणारे औषध आहे.

'स्टेज' आणि 'ग्रेड' हे दोन शब्द असेच एकमेकांत मिसळले जातात. स्टेज म्हणजे रोग कोठवर पोहोचला. १९७१ साली अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावी जमलेल्या डॉक्टरांनी श्वासपटलाची रेघ धरून हिशेब बसवला: एकाच ठिकाणच्या ग्रंथी म्हणजे पहिली; पटलाच्या एकाच बाजूला दोन-तीन ठिकाणी म्हणजे दुसरी; वर आणि खाली दोन्हीकडे म्हणजे तिसरी; यकृत, मज्जा अशा अवयवांत शिरला म्हणजे चौथी. बरोबर 'ए' लिहिले तर ताप, घाम, वजनघट ही लक्षणे नाहीत. 'बी' लिहिले तर आहेत. हा 'बी' मघाच्या पलटणीचा नव्हे, बरे का. डॉक्टरांनाही अक्षरांची टंचाई पडते. 'चौथी स्टेज' ऐकून लोक जमिनीवर बसतात, कारण इतर कर्करोगांत तिचा अर्थ फार कठीण असतो. लिंफोमात मात्र शिपाई मुळातच फिरस्ता, त्यामुळे चौथ्या पायरीवर सापडलेले पुष्कळ रोगीही बरे होतात. हॉजकिनच्या रोगात तर बहुसंख्य.

ग्रेड म्हणजे रोगाची चाल. आणि येथे एक उफराटी गोष्ट आहे, जी मला कादंबरीकार म्हणून फार विचारात पाडते. संथ चालीचा लिंफोमा वर्षानुवर्षे शांत बसतो, कित्येकदा डॉक्टर नुसते लक्ष ठेवून थांबतात, औषध देतच नाहीत. पण तो मुळापासून उपटला जाणे अवघड. जलद चालीचा आठवड्यांत वाढतो, जिवावर येतो. परंतु औषधाला तोच अधिक शरण येतो, आणि निम्म्याहून अधिक रोग्यांत कायमचा जातो. 'लो' ऐकून निर्धास्त होणारे आणि 'हाय' ऐकून हातपाय गाळणारे दोघेही शब्दाने फसतात.

त्या बागाईतदारांचे बंधू मग सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेले. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली परदेशात रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. असे रुग्णालय आपल्या देशात हवे ही कल्पना त्या दुःखातून निघाली. तेथल्या प्रयोगशाळेची घडी बसवली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. देशात विकृतिशास्त्राचा पाया घालणारे म्हणून त्यांचे नाव घेतात. १९५२ मध्ये निघालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. रुग्णालयासमोरचा रस्ता डॉ. अर्नेस्ट बोर्जिस या गोमंतकीय शल्यविशारदाच्या नावाचा. आणि गावाकडचे लोक राहतात ते पुष्कळदा दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत. तेथे संध्याकाळी ओट्यावर बसलात, तर विदर्भापासून कोकणापर्यंतची माणसे 'सीडी-२०', 'पेट स्कॅन', 'काउंट' असे शब्द घरच्यासारखे बोलताना ऐकू येतात. डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलेले, धर्मशाळेतला जुना रोगी नव्याला तासभर समजावतो.

उपचाराचे नाव होते 'आर-चॉप'. हसू येण्याजोगे नाव. पण त्याच्या अक्षरांत अर्ध्या जगाचा इतिहास कोंबला आहे. पहिल्या महायुद्धात मोहरीच्या वासाचा विषारी वायू सोडीत. त्याने मेलेल्या सैनिकांच्या लसीका ग्रंथी आणि मज्जा सुकून गेलेल्या आढळल्या. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२ साली, येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन या दोघांनी विचार केला: जे विष चांगल्या ग्रंथी सुकवते, ते बिघडलेल्या का सुकवणार नाही? त्या वायूच्या जातीचे रसायन त्यांनी लिंफोमाच्या एका रोग्याला शिरेतून दिले. गाठी विरघळल्या. काही आठवड्यांनी त्या परत आल्या, रोगी वाचला नाही. पण औषधाने गाठ हटते हे जगाने प्रथम पाहिले. युद्धाच्या गुप्ततेमुळे ही हकीकत १९४६ पर्यंत छापताही आली नाही. 'चॉप'मधला 'सी', म्हणजे सायक्लोफॉस्फमाइड, हा त्याच विषारी वायूच्या कुळातला.

'एच' हे लाल रंगाचे औषध मातीतल्या सूक्ष्म जीवांपासून मिळाले. त्याने लघवीही लाल होते आणि न सांगितल्यास माणूस हादरतो. 'पी' म्हणजे प्रेडनिसोलोनच्या गोळ्या. आणि 'ओ' आपल्या अंगणात आहे. सदाफुली! मूळची मादागास्करची ही बाई कुंपणाकडेला, मोडक्या डब्यात, कोठेही बारा महिने फुलते. जमेकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर देतात असे कळल्याने १९५२ साली थोडी पाने कॅनडात डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोहोचली. उंदरांची साखर काही उतरली नाही; पांढऱ्या पेशी मात्र भराभर उतरल्या. दुसऱ्या कोणी पाने फेकून दिली असती. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्यातून औषध काढून १९५८ मध्ये जाहीर केले. त्याच झाडाचे भावंड-औषध व्हिन्क्रिस्टिन. त्याचे बाजारी नाव 'ओ'ने सुरू होते. वाचून कोणी सदाफुलीची पाने चघळायला लागू नये. किलोकिलो पानांतून चिमूटभर निघणारे हे विषच आहे, आणि मात्रा चुकली तर जिवाशी गाठ.

'आर' म्हणजे रिटक्सिमॅब, त्या बिल्ल्यावर नेम धरणारे. १९९७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याचे देशी रूप काढल्यावर ते आपल्या माणसांच्या थोडे आवाक्यात आले. हे औषध थोडे उंदराचे, थोडे माणसाचे असे जोडून केलेले आहे. नावातला 'क्सि' हे त्या जोडकामाचेच चिन्ह.

एकवीस-एकवीस दिवसांच्या अंतराने सहा वेळा हे द्यायचे, त्याला 'सहा सायकल' म्हणतात. बागाईतदारांच्या वहिनींनी मला भाबडेपणाने विचारले होते, "सहा सायकली टाटांनी कशाला द्यायच्या?" त्या हसल्या, मीही हसलो, त्या घरात कित्येक आठवड्यांनी कोणी हसले असेल. आता ही औषधे नाशकातही मिळतात आणि पंचवटीच्या फेऱ्या पुष्कळांच्या वाचतात.

सहा फेऱ्यांनंतर डॉक्टर 'बरा झाला' म्हणत नाहीत; 'रेमिशन' म्हणतात. घरच्यांना हे अपुरे वाटते, ते पुन्हा पुन्हा विचारतात, "म्हणजे गेला ना?" आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: उतार. रोगाला उतार पडला. उतार पूर्ण असेल तर 'कम्प्लीट', अर्धवट तर 'पार्शल'. वर्षे सरतात तशी उताराची खात्री वाढते. परत उलटला तर 'रिलॅप्स', मुळात ऐकलाच नाही तर 'रिफ्रॅक्टरी'. दिंडोरीच्या त्या थोरल्या बंधूंना पूर्ण उतार आहे. गेल्या हंगामात छाटणीच्या दिवसांत ते बागेत उभे होते. सगळ्यांचेच असे होते, असे मी म्हणणार नाही. धर्मशाळेच्या ओट्यावरची काही माणसे पुढच्या फेरीला दिसत नाहीत.

ज्यांचा रोग उलटतो त्यांच्यासाठी अलीकडे एक नवी वाट निघाली आहे, आणि ती आपल्या मुंबईत. पवईच्या आयआयटीतील डॉ. राहुल पुरवार आणि टाटा रुग्णालयातील डॉक्टर यांनी मिळून ती बांधली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत तिचे लोकार्पण झाले. रोग्याच्याच 'टी' पलटणीतले शिपाई बाहेर काढायचे, बहकलेल्या 'बी' पेशीचा सीडी-१९ हा बिल्ला ओळखण्याची विद्या त्यांना प्रयोगशाळेत शिकवायची, आणि पुन्हा शिरेतून आत सोडायचे. परदेशात याला कोट्यवधी रुपये पडतात. येथे त्याच्या कितीतरी कमी, तरी सामान्य घराला डोंगराएवढेच. वृत्तपत्रांनी नाव जसेच्या तसे छापले: 'कार-टी'.

आमच्या वर्गात बातमी वाचली तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ही कार कोणत्या कंपनीची?" वर्ग खदखदून हसला. मी फळ्यावर तीन अक्षरे लिहिली. पहिले अक्षर 'कायमेरा'चे: ग्रीक पुराणातला, सिंहाच्या तोंडाचा, बकरीच्या धडाचा, सर्पाच्या शेपटीचा प्राणी. मुलांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. मग मी खांबातून निघालेल्या नरसिंहाची गोष्ट काढली, आणि दोन जीव एका देहात कसे हे त्यांना पुढे सांगावे लागले नाही.